त्याचे दोन्ही हात गुंतवा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकावर ढकलून ही तीन एकत्र घेतली आहेत. सुपरहिरोंची छान जमलेली टीम असते, तिच्यात एखादा आत्मा किंवा महाजादूगार मित्र म्हणून येतो आणि तिथून कथेचा दम जातो. मी बावीस वर्षं चित्रकथांच्या पटकथा लिहितेय आणि ही चूक स्वतः करून बसलेली आहे. त्यामुळे उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : 1940च्या दशकातल्या ‘जस्टिस सोसायटी’च्या कथांचे संग्रह वाचतोय. त्यात स्पेक्टर नावाचा, मरून परत आलेला डिटेक्टिव्ह आहे. तो हवा तेवढा मोठा होतो, नुसत्या नजरेनं माणूस मारतो. असा गडी सोबत असताना इतरांनी धडपड कशाला करायची? तरी त्या कथा गोड लागतात. नंतरच्या काळातल्या, त्याच पात्राच्या कथा मात्र फिक्या वाटतात. असं का?

तुम्हाला खटकतंय ते योग्यच आहे. जुने अंक गोड का लागतात याचं उत्तर मात्र त्यांच्या बांधणीत आहे.

स्पेक्टर आला 1940च्या सुरुवातीला, ‘मोअर फन कॉमिक्स’च्या 52व्या अंकात. लेखक जेरी सीगल, म्हणजे सुपरमॅनच्या दोघा जनकांपैकी एक. चित्रं बर्नार्ड बेलीची. जिम कॉरिगन या पोलीस डिटेक्टिव्हला गुंड पिंपात घालतात, वरून सिमेंट ओततात आणि पाण्यात बुडवतात. मेल्यावर एक आवाज त्याला परत पाठवतो, गुन्हेगारी संपेपर्यंत तुला विसावा नाही म्हणून. सुपरहिरोच्या जन्मकथा मी पुष्कळ वाचल्या, पण हे सिमेंटचं पिंप अजून डोळ्यांपुढून जात नाही. शक्ती देताना मात्र सीगलनं कसलाच हिशेब ठेवला नाही. भिंतीतून जा, आभाळाएवढा हो, समोरच्याचा नजरेनं सांगाडा कर. सगळं पहिल्या काही अंकांतच देऊन टाकलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी जमली. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमॅन, सँडमॅन, अवरमॅन, अॅटम, डॉक्टर फेट आणि हा स्पेक्टर. यातला अॅटम म्हणजे व्यायाम करून अंग कमावलेला एक बुटका मुलगा. हातात मुठींशिवाय काही नाही. सँडमॅनकडे गॅसची बंदूक. आणि त्यांच्याच टेबलाला आभाळाएवढा होणारा आत्मा.

तरी चाललं, कारण ते सहसा एकत्र लढतच नव्हते. सुरुवातीला बैठक व्हायची, कामं वाटून घ्यायचे, मग प्रत्येकाचं स्वतंत्र प्रकरण, आणि शेवटी पुन्हा सगळे टेबलाभोवती. अॅटम मार खात असायचा तेव्हा स्पेक्टर दुसऱ्याच पानांवर असायचा. दोघांना एका चौकटीत तोलून पाहायची वेळ वाचकावर फारशी येतच नव्हती. पुढे टीम खरोखर एका मैदानात उतरायला लागली, तेव्हा हे झाकण निघालं.

शक्ती जास्त झाली की काय करायचं, यावर त्या काळात दोन उपाय झाले. त्यांतला एक मला पटतो, दुसरा अजिबात पटत नाही. टीममधला जादूगार डॉक्टर फेट, त्याचं पूर्ण चेहरा झाकणारं शिरस्त्राण 1941मध्ये अर्धं झालं. नाकाखालचा चेहरा उघडा पडला, मंत्र कमी झाले, ठोसे वाढले आणि त्याचा श्वास कोंडता येतो हे वाचकाला कळलं. मंत्र गेले याची हळहळ वाटते, पण श्वासाची गोष्ट पटते. गॅसनं भरलेली खोली काढली की लहान मुलालाही धोका कळतो.

स्पेक्टरच्या वाट्याला दुसरा उपाय आला. त्याच्या स्वतःच्या कथांमध्ये पर्सिव्हल पॉप नावाचा बावळट हौशी डिटेक्टिव्ह शिरला, आणि शेवटी शेवटी तर हा एवढा मोठा आत्मा त्या पॉपची अदृश्यपणे राखण करत फिरू लागला. 1945च्या सुरुवातीला ‘मोअर फन’च्या 101व्या अंकात त्याची मालिका संपली. त्याच अंकात सुपरबॉय पहिल्यांदा आला. मोठ्या पात्राला केविलवाणं करून लहान करायचं, याचा मला राग येतो. ज्या वाचकानं ते सिमेंटचं पिंप पाहिलंय, त्याची ती फसवणूक आहे.

आता नंतरच्या काळाकडे. 1966 साली ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या, म्हणजे सोसायटीनंतर आलेल्या नव्या टीमच्या मालिकेच्या, 46 आणि 47 या अंकांत गार्डनर फॉक्सनं स्पेक्टरला परत टीमबरोबर आणलं. दोन समांतर पृथ्व्या एकमेकींवर आदळायच्या बेतात आहेत. स्पेक्टर अवाढव्य होतो, दोन्हींच्या मधोमध शिरतो आणि अंगाच्या जोरावर त्यांना रेटून धरतो. तिकडे अँटिमॅटर मॅन नावाचं संकट चालून येतंय, पण त्याच्याशी झुंजायचं ते बाकीच्यांनी. स्पेक्टरची शक्ती इथे कणभरही कमी केलेली नाही. फक्त त्याला त्याच्या मापाचं काम दिलंय आणि दोन्ही हात गुंतवून टाकलेत. तो हटला तर दोन जगं चिरडतील. शिष्यांना हे दोन अंक मी दर वर्षी उघडून दाखवते.

1970मध्ये 82 आणि 83व्या अंकांत तोच प्रसंग पुन्हा आला, लेखक डेनी ओनील. पुन्हा दोन पृथ्व्या, पुन्हा मध्ये स्पेक्टर. फरक एवढाच की या वेळी तोच संकट मिटवतो आणि त्यातच संपतो. दिसायला भव्य आहे. पण पुस्तक मिटल्यावर विचार करा, टीममधल्या कुणी काय केलं हे तुम्हाला चटकन आठवतं का? मला नाही आठवत. तुम्हाला फिकं लागतंय ते हेच असावं.

हे पात्र वाईट नाही, हे मात्र आवर्जून सांगते. एकट्याच्या मालिकेत तो उभा राहतो, कारण तिथे ‘जिंकणार कोण’ हा प्रश्नच नसतो. 1974-75मध्ये मायकेल फ्लायशर आणि जिम अपारो यांनी ‘अॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये त्याच्या कथा केल्या. तिथे तो एका गुन्हेगाराला लाकूड करून करवतीनं कापतो, आणि वाचणाऱ्याला स्वतःचीच भीती वाटते की हे आपल्याला आवडतंय का. पुढे 1992पासून जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांनी 62 अंक चालवले. अशी शिक्षा देणं न्याय आहे का, हा तिथला प्रश्न. त्याचं उत्तर ताकदीनं मिळत नाही, म्हणून ताकद कितीही असली तरी कथेला धक्का लागत नाही. जुन्या कथांनंतर ही मालिका घ्या.

प्रश्न : सुपरमॅन काय कमी ताकदवान आहे? तो टीममध्ये चालतो, मग भुतांवरच राग का?

राग भुतांवर नाही. सुपरमॅनला काय चालत नाही हे वाचकाला पाठ असतं, भुताला काय चालत नाही हे बहुतेक वेळा लेखकालाच माहीत नसतं. 1940च्या जुलै अंकात आलेल्या पहिल्या ग्रीन लँटर्नचं बघा. त्याची अंगठी जवळजवळ काहीही करू शकते, पण लाकडापुढे तिचं चालत नाही. पहिल्याच कथेत त्याला लाकडी दांडकं बसतं. तिथून पुढे एखाद्या गुंडानं साधी काठी उचलली तरी वाचणारा सावरून बसतो. सगळी गंमत त्या ‘आधी माहीत असण्यात’ आहे. हीच अडचण चौथ्या अंकाच्या शेवटच्या पानावर पहिल्यांदा सांगितली असती, तर ती लेखकाची पळवाट वाटली असती.

आणि सुपरमॅनही आपोआप चाललेला नाही. जस्टिस लीगची पहिली कथा 1960च्या सुरुवातीची, ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’चा 28वा अंक. त्यात सुपरमॅन बहुतेक वेळ उल्का अडवण्यात अडकलेला आहे. समोर स्टारो, अवकाशातून आलेला राक्षसी तारामासा, जो गावच्या गाव संमोहित करतो. एकटा स्नॅपर कार नावाचा पोरगा त्याच्या तावडीतून सुटतो. कारण काय, तर तो हिरवळीवर चुना टाकत होता आणि तो चुना त्याच्या अंगाला लागला होता. लीगच्या ते लक्षात येतं आणि विश्व जिंकायला निघालेला तारामासा बागेतल्या चुन्यानं हरतो! कुणाची मूठ किती जड याला इथे काही किंमत नाही. कुणीतरी पोराच्या कपड्यांकडे नीट पाहिलं, याला आहे.

तळ नसलेली शक्ती भुतांचीच असते असंही नाही. ‘एक्स-मेन’मधली जीन ग्रे 1976मध्ये फिनिक्स झाली आणि बघता बघता बाकीच्यांवर तिची सावली पडायला लागली. चित्रकार आणि सहलेखक जॉन बर्नलाही ते खुपत होतं. शेवटी कथेत तिनं एक तारा गिळला, त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मेले, आणि 1980मध्ये 137व्या अंकात तिचा मृत्यू झाला. आधी ठरलेल्या शेवटात ती फक्त शक्ती गमावून जगणार होती. पाच अब्ज जीव घेणारी अशी सुटू शकत नाही, असं मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरून ठेवलं. मला ते त्या वेळीही पटलं होतं आणि आजही पटतं. शक्तीला तळ दिला नाही, तर तिचा हिशेब असा एकदम चुकवावा लागतो.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी मिळून कॉमिक करतो, मी लिहिते, ती काढते. चौघांची टीम आहे : उंच झेप घेणारा, कुठलंही कुलूप उघडणारी, राग आला की दगड होणारा, आणि भिंतीपलीकडचं ऐकू येणारी. पाचव्या अंकात आम्ही काळ थांबवू शकणारा एक म्हातारा आत्मा आणला. वाचकांना तो सुरुवातीला खूप आवडला. आता म्हणतात, कथेत मजा राहिली नाही. त्याला मारून टाकावं का? सहावा आणि सातवा अंक सोबत पाठवत आहे.

दोन्ही अंक दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसले आणि एकच गोष्ट मोजली : चौघं तोंड वर करून म्हाताऱ्याकडे बघत उभे आहेत अशा चौकटी किती? दोन अंकांत चौदा. सातव्या अंकाच्या अकराव्या पानावर तर ओळीनं तीन आहेत. तुमच्या मैत्रिणीचा हात सुंदर आहे. दगड होणाऱ्या मुलाच्या बोटांवरच्या भेगा तिनं ज्या मायेनं काढल्यात, त्या बघत राहाव्यात. आणि तोच मुलगा दोन अंक नुसता वर बघतोय. वाचकांना करमत नाही ते यामुळे.

म्हाताऱ्याला मारू नका. मारलात तर दोन अंक हळहळ होईल आणि तिसऱ्या अंकात कुणीतरी विचारेल, की काळ थांबवणाऱ्याला मरण आलंच कसं. त्याला वारंवार दमवूही नका. हे मी स्वतः केलंय. मुलांच्या एका मासिकासाठी क्रमशः कथा लिहीत होते, पाच पोरांची टोळी होती. तिसऱ्या भागात त्यांना नदीचा आत्मा मैत्रीण म्हणून दिली. पूर आणायची, आग विझवायची, बुडालेलं वर काढायची, सगळं ती. पोरं रिकामी झाली. मग मी तिला दर भागात ऐन वेळी थकवायला लागले. एका लहान वाचकाचं पत्र आलं. त्यात एकच वाक्य होतं : ‘ती नेमकी शेवटच्या आधीच का दमते?’ ते पत्र वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यातून वाट निघाली ती पाण्यातूनच. नदीचा आत्मा नदीपाशीच समर्थ असणार. तिला दुसरीकडे न्यायचं तर पाणी न्यायला हवं, आणि पोरांकडे भांडं नव्हतं. मग ओंजळ. पुढचा भाग सगळा त्या ओंजळीवर चालला. चित्रकारानं प्रत्येक चौकटीत बोटांच्या फटीतून गळणारे थेंब काढले. ओंजळीत पाणी किती उरलंय तेवढीच तिची ताकद, हे एकही शब्द न लिहिता दिसत होतं. धावायचं एकीनं, वाट मोकळी करायची दुसऱ्यानं, पाणी हातातून हातात घ्यायचं तिसरीनं. देवतेची शक्ती होती तेवढीच राहिली आणि पाचही पोरं कामाला लागली.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करता येते. रॉय थॉमसनं 1981मध्ये ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ ही मालिका सुरू केली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. वाचक विचारणारच, की स्पेक्टर आणि सुपरमॅन असताना बर्लिन एका दुपारीत का पडलं नाही? त्यानं उत्तर दिलं ते एका भाल्याचं. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला असं मानतात तो पवित्र भाला हिटलरच्या हाती आहे, त्यामुळे जादूची किंवा जादूपुढे हतबल असलेली माणसं त्या मुलखात शिरली की त्याच्या ताब्यात जातात. पटो न पटो, पण ही मर्यादा नकाशावर रेघ ओढून दाखवता येते. रेघेच्या अलीकडे तो काहीही करू दे, पलीकडे साध्या माणसांनीच जायचं.

तुमची रेघ कुठे आहे, ते तुम्हीच सहाव्या अंकात लिहून ठेवलंय. नवव्या पानावर म्हातारा काळ थांबवतो तेव्हा तुम्ही एक ओळ दिलीय : ‘सगळीकडे शांतता.’ तुम्ही ती वातावरणासाठी घातली असणार. मला ती नियमासारखी वाटली. काळ थांबला की हवा हलत नाही, हवा हलली नाही की आवाज नाही. म्हणजे थांबलेल्या जगात म्हातारा बहिरा असतो. तो सगळं बघू शकतो, कशालाही हात लावू शकतो, पण ऐकू शकत नाही. आणि तुमच्या टीममध्ये एक मुलगी आहे जिचं सगळं सामर्थ्य कानात आहे!

हे आठव्या अंकाच्या पहिल्या चार पानांतच दाखवून टाका, संकट यायच्या आधी. एखादी हलकीफुलकी घटना घ्या. त्यानं काळ थांबवला, आणि तेवढ्यात तिला ऐकू येत असलेलं काहीतरी अर्धवट तुटलं. ती त्याच्यावर चिडते. वाचक हसेल आणि लक्षात ठेवेल. मग सातव्या अंकातला तो बाँब परत आणा, पण या वेळी दिसणारा नको. चाळीस बंद खोल्यांपैकी एकीत तो टिकटिकतोय. म्हाताऱ्यानं काळ थांबवला तर त्याला हवा तितका वेळ मिळेल, पण टिकटिक बंद पडेल आणि चाळीस कुलपांमागे काय आहे ते कळणार नाही. न थांबवावा तर बाँब पुढे सरकतोय. आता कानाची मुलगी लागते, कुलपाची मुलगी लागते, खोली सापडल्यावर दारात उभं राहायला दगडाचा मुलगा लागतो. झेप घेणाऱ्याचं काम मला अजून दिसत नाहीये, ते तुम्ही शोधा. चाळीस खोल्या एकावर एक रचून बघा.

एक जुना प्रसंग जवळ ठेवा. महाभारतात कृष्ण शस्त्र हाती धरणार नाही असं ठरलेलं, आणि भीष्मांच्या बाणांपुढे सैन्याची चाळण होते तेव्हा तो रथातून उडी टाकून भीष्मांवर धावून जातो. तो पोचला असता तर तिथेच निकाल होता. अर्जुन मागून धावतो, पाय धरतो, आणि दहाव्या पावलावर त्याला कसाबसा थांबवतो. म्हणतो, हा भार माझा आहे, पितामहांना मी मारीन. सगळ्यांत समर्थ मित्र मदत करायला तयार आहे आणि ज्याला मदत हवी तोच त्याचे पाय धरतोय. तुमच्या चौघांपैकी कुणीही आजवर म्हाताऱ्याला अडवलेलं नाही.

म्हणून नवीन अकरावं पान असं करून बघा. तीन चौकटी नकोत, पानभर एकच. लांब पडवी, दोन्ही बाजूंना बंद दारं. म्हाताऱ्यानं काळ थांबवायला हात उचललाय, तो अगदी पुढे, मोठा, पानाच्या कडेनं कापलेला. मागे मुलगी भिंतीला कान लावून, डोळे मिटून. तिचा एक हात मागे वळलाय आणि तिनं त्याचं मनगट धरलंय. मैत्रिणीला सांगा, त्या भेगा काढल्या तशीच ही बोटं काढ. संवादाचा फुगा एकच, लहान, तिच्या तोंडाजवळ : ‘अजून नको.’ शाई करण्याआधी मला पेन्सिलीतलं पाठवा.